प्रवासालाही आणि शिवणालाही चालेल अशी छोटी वाफेची इस्त्री कशी निवडावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: बॅगेत मावेल, मुक्कामावर दोन-चार शर्ट नीट करता येतील आणि घरी आल्यावर शिवणयंत्राशेजारी ठेवून शिवणी दाबायला, फ्युजिंग (उष्णतेने चिकटणारे, गोंद लावलेले अस्तर) चिकटवायला, पॅचवर्कचे तुकडे सपाट करायला वापरता येईल, अशी एकच छोटी वाफेची इस्त्री हवी आहे. वॅट किती असावेत, तळ कोणता असावा, टाकी किती मोठी असावी?

बहुतेक जण टाकीपासून आणि वाफेच्या आकड्यापासून सुरुवात करतात. छोट्या इस्त्रीच्या बाबतीत ही सुरुवातच चुकते. अशी इस्त्री कमी पडते ती उष्णतेत, आणि वाफही त्याच उष्णतेतून तयार होते. म्हणून उष्णता किती तयार होते, किती साठते आणि तळावर किती सारखी पसरते हे आधी पाहावे. पाणी शक्यतो बाहेरून, फवारणीच्या बाटलीने किंवा ओलसर फडक्याने द्यावे. पुढचे बहुतेक मुद्दे यातूनच निघतात.

हिशोब सोपा आहे. २५ अंश सेल्सिअसचे १ ग्रॅम पाणी उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ जूल लागतात आणि त्याची वाफ व्हायला आणखी २,२५७ जूल. म्हणजे ग्रॅममागे साधारण २,५७० जूल. मिनिटाला १० ग्रॅम वाफ सतत काढायची तर नुसत्या वाफेपायी सुमारे ४३० वॅट जातात, २० ग्रॅमला ८६०. प्रवासी इस्त्र्या साधारण ४०० ते १,१०० वॅटच्या मिळतात. ४०० वॅटच्या इस्त्रीची वाफ सुरू केली की कापड तापवायला तिच्याकडे काही उरतच नाही. तळ थंड होत जातो, पाण्याची पुरती वाफ होत नाही आणि छिद्रांतून थेंब गळू लागतात. अनेकांना वाटते की नग खराब निघाला. खरे तर त्या वॅटमध्ये दुसरे काही होणे शक्यच नसते. ८०० वॅटच्या इस्त्रीत १० ग्रॅम वाफ काढूनही ३५०च्या वर वॅट कापडासाठी उरतात. वाफ खरोखर वापरायची असेल तर ८०० वॅट ही खालची मर्यादा धरावी. १,००० मिळाले तर उत्तम.

खोक्यावर वाफेचे दोन आकडे असू शकतात. एक सततच्या वाफेचा आणि दुसरा बटण दाबल्यावर येणाऱ्या झोताचा. ‘मिनिटाला ४५ ग्रॅम’ असे ८०० वॅटच्या इस्त्रीवर लिहिले असेल तर तो आकडा झोताचाच असणार, कारण तेवढी वाफ सतत काढायला १,९०० वॅटच्या वर लागतील. झोत येतो तो तळाच्या धातूत साठलेल्या उष्णतेतून. तळात ३५० ग्रॅम अॅल्युमिनियम आहे असे धरले, तर तो ६० अंशांनी थंड होताना सुमारे १९ हजार जूल सोडतो. त्यात जेमतेम ७ ग्रॅम पाण्याची वाफ होते. लागोपाठ चार-पाच झोत मारले की पुढच्या झोताला पाणी येते ते यामुळेच. दोन झोतांच्या मध्ये १० ते १५ सेकंद थांबले तर ही अडचण बरीच टळते.

याच कारणाने फार हलकी इस्त्री मला शिवणासाठी पटत नाही. हलकेपणा बहुतेक वेळा तळाच्या धातूत काटकसर करून आणलेला असतो. पाचशे ग्रॅमच्या आतली इस्त्री बॅगेत सुखाची, पण ओलसर सुती कापडावर दोनदा टेकवली की तिचा दम संपतो. ७०० ते ९०० ग्रॅमची इस्त्री दोन्ही कामांना बरी.

वजन हवे ते दाबासाठी, असाही एक समज आहे. आकडे तसे सांगत नाहीत. १५ सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या छोट्या तळाचे क्षेत्रफळ साधारण ९० चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर ८०० ग्रॅम म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ९ ग्रॅम. मोठ्या इस्त्रीचा तळ साधारण १८० चौरस सेंटिमीटरचा, वजन १,४०० ग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८ ग्रॅमच्या आसपास. दाबात छोटी इस्त्री मुळीच मागे नाही, आणि वरून हाताचा जोर असतोच. ती मागे पडते ती एकदा वापरलेली उष्णता परत भरून काढण्यात.

आता तापमान. कपड्याच्या लेबलवरच्या इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंशांपर्यंत. वाफेची इस्त्री दोन ठिपक्यांच्या खाली लावली तर आतला वाफेचा कप्पा पाणी उडवायला पुरेसा तापत नाही आणि पाणी खाली येते. नायलॉन, अॅसिटेट अशा कमी तापमानाच्या कापडांसाठी वाफ बंदच ठेवावी. साधा थर्मोस्टॅट दोन धातूंच्या वाकणाऱ्या पट्टीवर चालतो, त्यामुळे तळाचे तापमान एका जागी स्थिर राहत नाही, वीस-तीस अंशांच्या पट्ट्यात वर-खाली होते. नाजूक कापडावर इस्त्री ठेवायची तर दिवा लागून विझण्याचे एक-दोन फेरे होऊ द्यावेत, कारण पहिल्यांदा तापताना तळ ठरलेल्या तापमानाच्या बराच पुढे जातो. ज्या छोट्या इस्त्रीत तापमान ठरवायची चकतीच नाही, नुसते चालू-बंदचे बटण आहे, ती शिवणासाठी घेऊ नये. तसेच वाफ पूर्ण बंद करता आली पाहिजे. काही प्रवासी नगांत ती सोयच नसते, मग टाकी रिकामी करणे एवढाच उपाय राहतो.

तळावर काय पाहायचे? आधी टोक. कॉलरचा कोपरा, उलगडलेली शिवण, बटणांमधली जागा, डार्टचे (कापडाला आकार द्यायला घातलेल्या चिमटीचे) टोक, सगळीकडे अरुंद टोकच पोचते. काही प्रवासी इस्त्र्यांचा तळ दोन्हीकडे गोलसर असतो. शर्टाला चालतो, शिवणाला नाही. टोकाला उष्णता पोचते की नाही हेही महत्त्वाचे, कारण स्वस्त नगांत तापणारी कॉइल तळाच्या मागच्या दोन-तृतीयांश भागातच असते आणि टोक थंड राहते. ते कसे तपासायचे ते पुढे येईल. छिद्रे थोडी आणि बारीक असलेली बरी. छिद्राखाली तळ कापडाला टेकत नाही, म्हणून फ्युजिंग करताना तिथे गोल डाग कच्चे राहतात.

तळाच्या मुलाम्याबद्दल जितकी चर्चा होते तितका त्याचा फरक पडत नाही. स्टेनलेस स्टील टिकाऊ असते, चिकटलेला गोंद त्यावरून घासून काढता येतो. सिरॅमिकचा मुलामा सुरेख सरकतो, पण झिप, हूक किंवा टाचणीचा ओरखडा पडला की तिथून पापुद्रे सुटू शकतात. नॉनस्टिकला गोंद कमी चिकटतो, पण मुलामा मऊ असतो. शिवणकामात टाचण्या असणारच, म्हणून माझी पसंती स्टीलला.

खोक्यावर ज्याचा उल्लेखही नसतो ती गोष्ट म्हणजे टाच. प्रवासात इस्त्री दहा-वीस वेळा उभी करावी लागते, तर एक शर्ट शिवताना शंभराच्या वर. घडीच्या मुठीच्या कित्येक इस्त्र्यांना टाच अरुंद असते किंवा वायर नेमकी टाचेच्या मधोमध बाहेर येते, आणि वायरीचा हलका ताण बसला तरी इस्त्री कापडावर कलंडते. घेताना रिकामी इस्त्री उभी करून वायर बाजूला बोटाने ओढून पाहावी. कलंडत असेल तर बाकी सगळे गुण असले तरी ती शिवणाच्या टेबलासाठी नको. मूठ घडीची असेल तर उघडल्यावर ती खटकन अडकली पाहिजे, दाब दिल्यावर डुगडुगता कामा नये. मूठ आणि अंगाच्या मध्ये बोटांना पुरेशी जागाही हवी; छोट्या इस्त्रीत ती कमी असते आणि वाफ वर आली की बोटांची मागची बाजू भाजते. वायर किमान १.८ मीटर असावी आणि इस्त्रीत शिरते तिथे फिरणारा सांधा असावा. वायर आतून तुटते ती बहुधा तिथेच, आणि बॅगेत ठेवताना ती इस्त्रीभोवती गच्च गुंडाळल्याने लवकर तुटते. तिची सैल वेटोळी करून वेगळी बांधावी.

परदेशी जाणार असाल तर व्होल्टेजचा मुद्दा सगळ्यांत वरचा. तापणाऱ्या कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टची १,००० वॅटची इस्त्री ११५ व्होल्टवर लावली तर तिला २५० वॅटच मिळतात. ती कोमट होते, पण बिघडत नाही. उलट, १२० व्होल्टची इस्त्री २४० वर लावली की चौपट शक्ती, म्हणजे १,००० ऐवजी ४,००० वॅट आत शिरतात आणि काही क्षणांत थर्मल फ्यूज, कॉइल किंवा वायर जळते. म्हणून ‘ड्युअल व्होल्टेज’ लिहिलेली आणि १२० व २४० असा बदलाचा खटका असलेली इस्त्री घ्यावी. तो खटका नाण्याने किंवा पेचकसाने फिरवायचा, खोलगट बसवलेला असावा. बोटाच्या धक्क्याने सरकणारा नसावा. नव्या देशात प्लग लावण्याआधी दर वेळी खटका पाहायचा, आणि सामान भरताना तो २४० वर ठेवायचा. विसरलात तरी इस्त्री फार तर तापणार नाही, जळणार तरी नाही. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. तिथे १२० च्या खुणेवर इस्त्री सुमारे ६९ टक्के शक्तीने चालते, म्हणजे १,००० वॅटची ७०० च्या आसपास. तेवढी वाफ कमी सोडावी.

प्लगचा अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आणि फोन-कॅमेऱ्यासाठीचे छोटे ट्रान्सफॉर्मर इस्त्रीचा भार पेलत नाहीत. १,००० वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर इस्त्रीपेक्षा कितीतरी जड असतो. इस्त्रीला तीन पिनांचा प्लग असेल तर अॅडॉप्टरही अर्थिंग जोडणारा हवा. दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून इस्त्री चालते खरी, पण पाणी असलेल्या धातूच्या वस्तूचे अर्थिंग तोडणे धोक्याचे आहे. एक्स्टेन्शन वापरायची वेळ आली तर तिची गुंडाळी पूर्ण सोडावी. १२० व्होल्टवर १,००० वॅट म्हणजे ८ अँपिअरच्या वर प्रवाह, आणि गुंडाळलेली वायर त्यात तापते.

बॅटरीवर चालणाऱ्या इस्त्रीचा मोह होतो. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची नेहमीची मर्यादा १०० वॅट-तास आहे. तेवढी भरलेली बॅटरी ८०० वॅटची इस्त्री साडेसात मिनिटे चालवेल. वायरविना म्हणून मिळणाऱ्या काही इस्त्र्यांत बॅटरी नसतेच, त्या विजेच्या बैठकीवर तापून तेवढ्या साठ्यावर चालतात. छोट्या तळात तो साठा फारच कमी. वायरीचीच घ्यावी. इस्त्री बॅगेत भरण्याआधी टाकी उलटी करून पाणी काढावे, नंतर इस्त्री दोन मिनिटे गरम करून वाफ सोडून द्यावी म्हणजे कप्प्यातले उरलेले पाणी जाते, आणि किमान अर्धा तास निवू द्यावी. बहुतेक क्रूझ जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री किंवा स्टीमर आणू देत नाहीत, हे सामान भरण्याआधी लक्षात असू द्यावे.

टाकीबद्दल एवढेच: ५० ते ८० मिलिलिटर पुरे. १० ग्रॅमच्या दराने ५० मिलिलिटर पाच मिनिटे चालते, तेवढ्यात एक शर्ट होतो. टाकीचे तोंड मात्र मोठे आणि झाकण घट्ट बसणारे हवे.

शिवणकामात छोटी इस्त्री चालवायची पद्धत थोडी वेगळी आहे. इथे इस्त्री फिरवायची नसते, टेकवायची, दाबायची आणि उचलायची. टीप मारल्यावर आधी शिवण मिटलेलीच असताना तीन-चार सेकंद दाबावी, म्हणजे धागा कापडात बसतो. मग माया (शिवणीबाहेरची जादा कड) उलगडून टोकाने दाबावी, शेवटी सुलट बाजूने फडके ठेवून एकदा. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या, कापलेल्या कडेवर वाफ शक्यतो नको. ओल आणि उष्णता मिळाली की उरेब कड ताणली जाते आणि पॅचवर्कचा चौकोन समांतरभुज होतो. तुकडे जोडताना कोरडी इस्त्री, ब्लॉक पूर्ण झाल्यावर हवी तर वाफ. या कामात छोटी इस्त्री मोठीपेक्षा सरस ठरते, कारण ती शेजारच्या शिवणीला धक्का लावत नाही.

जाड सुती कापड, लिनन किंवा लोकरीला ओल लागतेच. तिथे सुती फडके भिजवून घट्ट पिळावे, कापडावर पसरावे, इस्त्री टेकवावी. फडक्यातल्या ३ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ७,७०० जूल लागतात, म्हणजे ८०० वॅटच्या इस्त्रीला दहा सेकंद. ही उष्णताही इस्त्रीतूनच जाते, पण फरक असा की कप्पा थंड होऊन पाणी गळण्याचा प्रश्न येत नाही आणि वाफ नेमकी हवी त्या शिवणीत उतरते. इस्त्री उचलताच त्या जागेवर सपाट, रंग किंवा पॉलिश नसलेला कोरडा लाकडी ठोकळा १० ते १५ सेकंद दाबून ठेवावा. लाकूड वाफ शोषते, उष्णता आत धरते आणि घडी धारदार बसते. इस्त्रीची जी काही कमतरता राहते ती हा ठोकळा बऱ्यापैकी भरून काढतो.

फ्युजिंगमध्ये छोट्या इस्त्रीची खरी कसोटी लागते. समजा ६० बाय ४० सेंटिमीटरच्या तुकड्याला फ्युजिंग लावायचे आहे. ९० चौरस सेंटिमीटरचा तळ दर वेळी एक-तृतीयांश मागच्या जागेवर ठेवला तर ४० वेळा टेकवावा लागतो. प्रत्येक जागी १२ ते १५ सेकंद म्हणजे ८ ते १० मिनिटे सलग काम. मोठ्या इस्त्रीला याच्या निम्मा वेळ लागतो. कॉलर, कफ, बटणपट्टी, पिशवीचा खिसा एवढ्यापुरती छोटी इस्त्री ठीक. जॅकेटचे पूर्ण पुढचे भाग तिच्यावर करू नयेत. करताना इस्त्री सरकवायची नाही, कारण वितळलेला गोंद कापडासकट सरकतो आणि फुगे येतात. दर सात-आठ जागांनंतर दिवा विझेपर्यंत थांबावे, नाहीतर शेवटच्या जागा पहिल्यांपेक्षा थंड चिकटतात आणि पहिल्या धुण्यात नेमक्या त्याच सुटतात. दुसरी फेरी अर्ध्या तळाने जागा बदलून द्यावी, म्हणजे छिद्रांखाली राहिलेले डाग बसतात. तुकडा पूर्ण निवेपर्यंत उचलायचा नाही. निवल्यावर कोपरा नखाने सोलून पाहावा; सहज सुटला तर वेळ वाढवावा, आणि तरीही सुटला तरच तापमान. हे सगळे आधी त्याच कापडाच्या कातरणावर करून पाहावे.

खाली काय ठेवता यालाही महत्त्व आहे. मुक्कामाच्या खोलीतले पॉलिशचे टेबल उष्णतेने आणि वाफेने पांढरे पडते, घडी केलेला टॉवेल ते पूर्ण थांबवत नाही. दाबून जमवलेल्या लोकरीची सेंटिमीटरभर जाडीची चटई उष्णता परत वर फेकते, छोट्या इस्त्रीला तिची चांगली साथ मिळते. पण ओल तिच्यातून खाली झिरपते, म्हणून चटईखाली कॉर्क किंवा सिलिकॉनचा तुकडा हवा.

नवी इस्त्री आणल्यावर, परत करायची मुदत असतानाच, चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, पांढरे सुती कापड भिजवून पिळावे, पूर्ण तापलेली इस्त्री वाफ बंद ठेवून आठ सेकंद टेकवावी आणि उचलावी. वाळलेला ठसा टोकापासून टाचेपर्यंत सारखा दिसला पाहिजे. टोकाशी ओल राहिली तर तिथे उष्णता पोचत नाही. दुसरी, तसेच लगेच पाच वेगवेगळ्या जागी करावे. पाचवा ठसा पहिल्यापेक्षा बराच ओला दिसला तर साठा कमी आहे. तिसरी, टाकी भरून, वाफ बंद ठेवून, इस्त्री आडवी पाच मिनिटे कागदी रुमालाच्या वर धरावी. एकही थेंब पडता कामा नये. चौथी, तीन ठिपक्यांवर वाफ सोडून जुन्या टॉवेलवर दोन मिनिटे चालवावी. पहिल्या काही फवाऱ्यांत कारखान्यातली पांढरी भुकटी येऊ शकते, ती पुढे थांबली पाहिजे.

पाण्याबाबत माहितीपुस्तिका सांगेल तेच करावे, कारण कप्प्याची घडण वेगवेगळी असते. पाणी जड असेल तर साध्या आणि क्षारमुक्त पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण बऱ्याच इस्त्र्यांना चालते. सुगंधी पाणी किंवा स्टार्च टाकीत घालू नये, ते कप्प्यात जळून तपकिरी डाग होऊन बाहेर येते. पुस्तिकेत लिहिले नसेल तर व्हिनेगरही नको, आम्लाने अॅल्युमिनियम खराब होते. छोट्या इस्त्रीची छिद्रे बारीक असल्याने क्षार लवकर अडकतात. महिन्यातून एकदा टाकी भरून, पूर्ण तापवून, प्लग काढून, बेसिनवर आडवी धरून हलवत सगळे पाणी वाफेसकट सोडून द्यावे. तळाला फ्युजिंगचा गोंद लागला तर इस्त्री गरम असतानाच जाड सुती फडक्यावर घासावी, वितळलेले पॉलिस्टर लाकडी पट्टीने ढकलावे. चाकू किंवा तारेची घासणी स्टीललाही लावू नये. त्या ओरखड्यांत पुढचा गोंद अडकतो.

काम फक्त प्रवासाचे असेल आणि कपडे बहुतेक टी-शर्टसारखे विणलेले किंवा सैल असतील तर हातातला स्टीमर जास्त सोयीचा. पण त्याने धारदार घडी पडत नाही आणि फ्युजिंग चिकटत नाही. काम फक्त अॅप्लिक (कापडावर लावायची कापडी नक्षी) आणि उरेब पट्ट्यांचे असेल तर अगदी लहान, बिनवाफेची क्राफ्ट इस्त्री पुरते, मात्र तिने शर्ट होत नाही. दोन्ही हवे असेल तर ८०० ते १,००० वॅट, ७०० ते ९०० ग्रॅम, अरुंद तापणारे टोक, रुंद टाच, पूर्ण बंद होणारी वाफ, खोलगट व्होल्टेजचा खटका, आणि सोबत शंभर मिलिलिटरची फवारणीची बाटली. बाटली विमानात रिकामी न्यावी आणि पोचल्यावर भरावी.